परदेशात जाऊन दिवाळखोरी जाहीर करणं: इंग्लंडचा रस्ता अजून उघडा आहे का?

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतल्या मराठी गटांमध्ये हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी येतो. कर्ज गळ्याशी आलंय, इथे दिवाळखोरी काढली तर वर्षानुवर्षं अडकून पडायचं, त्यापेक्षा काही महिने इंग्लंडला राहून तिथे अर्ज केला तर वर्षात मोकळं होता येतं म्हणतात, खरं का?

एके काळी हे खरं होतं. इंग्लंड-वेल्समध्ये १ एप्रिल २००४ पासून साध्या दिवाळखोराला साधारण १२ महिन्यांत मुक्ती, म्हणजे उरलेल्या कर्जातून सुटका, मिळू लागली. त्याच सुमारास जर्मनीत सहा वर्षं लागत आणि आयर्लंडमध्ये तर बारा. युरोपीय संघाचं दिवाळखोरीविषयक नियमन ३१ मे २००२ पासून लागू होतं, त्यामुळे एका सदस्य देशात मिळालेली मुक्ती बाकीच्यांना मान्य करावी लागे (डेन्मार्क त्यात नव्हता). जर्मन लोक लंडन-बर्मिंगहॅमला जाऊ लागले, आयरिश लोक बेलफास्टला (उत्तर आयर्लंड, म्हणजे ब्रिटनचाच भाग) आणि लंडनला. फ्रान्समधल्या आल्सास-मोझेल भागात जुन्या जर्मन कायद्यातून उरलेली खासगी दिवाळखोरी अजून आहे, म्हणून काही जर्मन नुसती ऱ्हाइन ओलांडून श्ट्रासबुर्गच्या बाजूला राहायला गेले.

त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. २६ जून २०१७ पासून नवं नियमन आलं, त्यात ताज्या स्थलांतरावर अट आहे. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या अर्जांना जर्मनीत सर्वांसाठी तीन वर्षांत मुक्ती मिळते. आणि २०२० च्या अखेरीस ब्रिटन युरोपीय नियमनातून पूर्ण बाहेर पडलं.

माझं मत असं की जर्मनीत राहणाऱ्याला इंग्लंडची वाट आज परवडत नाही. तरी दोन गोष्टींवर जाणकारांनी लिहावं: ही वाट अजून कोणाच्या उपयोगाची आहे, आणि भारतातल्या कर्जाचं काय होतं?

डब्लिनचा_पाऊस

आयर्लंडचं सांगतो. बारा वर्षांची मुदत डिसेंबर २०१३ मध्ये तीन वर्षांवर आली आणि जानेवारी २०१६ मध्ये एका वर्षावर. म्हणजे ज्या कारणासाठी लोक बेलफास्टला जात ते कारणच उरलं नाही.

पण 'एक वर्ष' या शब्दाने फसू नका. मिळकतीतून खर्च भागून काही उरत असेल तर त्यातला हिस्सा तीन वर्षांपर्यंत भरायचा आदेश निघू शकतो. इंग्लंडमध्येही तसंच. वर्षात मुक्ती मिळते ती कर्जातून, हप्ता त्याच्या पुढेही चालू राहू शकतो. आयर्लंडमध्ये स्वतः अर्ज करायचा तर कर्ज २०,००० युरोच्या वर हवं, आणि आधी तडजोडीचा मार्ग तपासल्याचं अधिकृत सल्लागाराचं पत्र जोडावं लागतं. हे पत्र नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

कागद_आधी

इंग्लंडच्या वाटेत सगळा खेळ एका संकल्पनेवर आहे. युरोपीय नियमनात तिला 'मुख्य हितसंबंधांचं केंद्र' म्हणतात, आपण हितकेंद्र म्हणू. माणूस आपले व्यवहार नियमितपणे जिथून सांभाळतो आणि बाहेरच्यांना जे दिसू शकतं, ते ठिकाण. यातली 'बाहेरच्यांना दिसू शकतं' ही अट सगळ्यात जास्त लोक विसरतात. इथे बाहेरचे म्हणजे मुख्यतः सावकार. ज्या बँकेचं कर्ज बुडणार तिला नवा पत्ता कळवलेलाच नसेल तर हितकेंद्र हललं असं म्हणणं फार कठीण जातं.

पुरावा म्हणून काय चालतं: स्वतःच्या नावावरचा भाडेकरार, कौन्सिल टॅक्सचं बिल, नॅशनल इन्शुरन्स नंबर, पगाराच्या पावत्या, दवाखान्यातली नोंदणी, आणि बँकेचं खातं ज्यात किराणा-भाडं-प्रवासाचे रोजचे व्यवहार दिसतात. शेवटचा कागद सगळ्यात बोलका असतो. महिन्याचं स्टेटमेंट काढलं आणि त्यात शुक्रवारी संध्याकाळचं विमानाचं तिकीट, शनिवार-रविवारी कोलोनच्या सुपरमार्केटमधली खरेदी आणि सोमवारी पुन्हा परत, असं दर आठवड्याला दिसलं तर भाडेकरार कितीही पक्का असो, घर कुठे आहे ते त्या कागदाने सांगून टाकलेलं असतं.

काय बिघडतं: दलालाने दिलेली खोली, जिच्या पत्त्यावर आधीच पाच-सहा जण अर्ज करून गेलेत. बायको-मुलं मूळ गावी, मुलांची शाळा तिथेच. नोकरी कागदावरची, कंपनी दलालाचीच. मोबाईल जर्मन, फोन जर्मनीतून. टपाल उचलून पुढे पाठवणारी सेवा. यातली एक गोष्ट असली तर निभावून जातं, तीन असल्या तर आदेश रद्द होण्याची तयारी ठेवावी.

दहीभात

पण नवीन नियमात सहा महिने राहिलं की झालं असं आहे ना? मग इतके कागद कशाला?

कागद_आधी

@दहीभात, हाच गैरसमज दलाल विकतात. नियमन म्हणतं, नोकरदार माणसाचं हितकेंद्र त्याच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी आहे असं गृहीत धरायचं. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत त्याने देश बदलला असेल तर हे गृहीतक लागू नाही. स्वतंत्र धंदा करणाऱ्याला गृहीतक त्याच्या धंद्याच्या मुख्य जागेचं, आणि मुदत तीन महिन्यांची.

म्हणजे सहा महिने झाले की फक्त गृहीतक तुमच्या बाजूने येतं. ते पुराव्याने मोडता येतं. आणि सहा महिने न होताही कोणी हितकेंद्र खरोखर हललं हे सिद्ध करू शकतो, फक्त सगळा भार त्याच्यावर असतो.

खटल्यांचा_वाचक

दोन निकाल या संदर्भात वाचण्यासारखे आहेत.

१७ जानेवारी २००६ चा श्टाउबिट्झ-श्रायबर निकाल: अर्ज जर्मनीत केला आणि त्यानंतर कर्जदार स्पेनला गेली. युरोपीय न्यायालय म्हणालं, अर्जाच्या दिवशी हितकेंद्र जिथे होतं तेच न्यायालय पुढे चालवणार. म्हणजे अर्ज टाकल्यावर देश बदलून फायदा नाही.

१६ जुलै २०२० चा निकाल: एक पोर्तुगीज जोडपं २०१६ पासून इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये राहून नोकरी करत होतं, त्यांची एकमेव स्थावर मालमत्ता मात्र पोर्तुगालमध्ये होती. नुसतं घर मूळ देशात आहे एवढ्यावरून राहत्या ठिकाणाचं गृहीतक मोडत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. जे खरोखर स्थलांतरित आहेत त्यांच्यासाठी हा निकाल मोठा आधार आहे.

आणि ज्यांनी केंद्र हललं असं नुसतं म्हटलं, त्यांचं काय होतं त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण शॉन क्विन यांचं. एके काळचे आयर्लंडमधले सर्वात श्रीमंत गृहस्थ. राहणार उत्तर आयर्लंडच्या सीमेच्या अलीकडे काउंटी कॅव्हनमध्ये, पण धंद्याचं ऑफिस पलीकडे फर्मनामधल्या डेरिलिनला, या मुद्द्यावर नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांनी बेलफास्टला दिवाळखोरी घेतली. त्यांच्याकडून अब्जावधी युरो येणं असलेल्या बँकेने हरकत घेतली, १० जानेवारी २०१२ ला आदेश रद्द झाला, आणि त्यानंतर आठवड्याभरात डब्लिनमध्ये बारा वर्षांच्या जुन्या कायद्याखाली त्यांना दिवाळखोर ठरवलं गेलं. घर आणि ऑफिस यांत तासाभराचंही अंतर नाही.

पिंपळपान

कायदा काय म्हणतो ते समजलं. पण एका देशात पैसे उचलायचे आणि जिथे वर्षात सुटतं तिथे जाऊन हात झटकायचे, हे मला पटत नाही. बँका सोडा, पण यात छोटे पुरवठादार, कारागीर यांचेही पैसे बुडतात. त्यांना दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत हरकत घ्यायला वकील कुठून परवडणार?

डब्लिनचा_पाऊस

@पिंपळपान, छोट्या सावकाराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. नव्या नियमनाने सदस्य देशांच्या दिवाळखोरीच्या नोंदवह्या एकमेकांना जोडायची आणि प्रमाणित नमुन्यावर दावा दाखल करायची सोय केली ती त्यासाठीच.

पण दुसरी बाजूही बघा. २००८ नंतर आयर्लंडमध्ये घरांच्या किमती निम्म्यावर आल्या. घर बँकेने विकल्यावरही उरलेलं कर्ज माणसाच्या अंगावर, आणि बारा वर्षं दिवाळखोर. पस्तिशीतल्या माणसाला सत्तेचाळीसपर्यंत. कायदा इतका कठोर असला की माणसं सीमा ओलांडणारच. मुदत एका वर्षावर आल्यावर ती ये-जा आपोआप ओसरली.

व्हिसा_रांग

एक गोष्ट या चर्चेत कोणी म्हणत नाही म्हणून लिहिते. ही वाट मुळात युरोपीय नागरिकांसाठी होती, कारण त्यांना ब्रिटनमध्ये राहायचा आणि नोकरीचा हक्क होता. भारतीय पासपोर्टवर जर्मनीत ब्लू कार्ड (कुशल नोकरदारांचा परवाना) किंवा कायम परवाना घेऊन राहणाऱ्याला तो हक्क ब्रेक्झिटच्या आधीही नव्हता. आता तर जर्मन पासपोर्ट घेतलेल्यांनाही तिथे राहायला व्हिसा लागतो. आयरिश नागरिकांना मात्र दोन देशांमधल्या जुन्या व्यवस्थेमुळे ब्रिटनमध्ये राहायची मुभा आजही आहे.

उलट बाजूने नुकसान मोठं: जर्मनीचा कायम परवाना साधारणपणे देश सोडून सहा महिने झाले की आपोआप संपतो. म्हणजे हितकेंद्र खरोखर हलवायला जेवढा काळ लागतो तेवढ्यात परतीचा दरवाजा बंद.

ऱ्हाइनकाठ

@व्हिसा_रांग, हा मुद्दा धाग्याच्या सुरुवातीलाच यायला हवा होता. धन्यवाद.

आता जर्मनीतली आजची पद्धत लिहितो, म्हणजे तुलना करता येईल.

पहिली पायरी शुल्डनरबेराटुंग, म्हणजे कर्ज-सल्ला केंद्र. नगरपालिका आणि सेवाभावी संस्थांची केंद्रं फुकट असतात, फक्त रांग मोठी, काही शहरांत कित्येक महिन्यांची. तिथे सगळ्या सावकारांची यादी करून न्यायालयाबाहेर तडजोडीचा प्रस्ताव पाठवतात. तो फेटाळला गेला की तसा दाखला मिळतो, आणि अर्जाच्या वेळी तो सहा महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. मग आम्ट्सगेरिश्टात, म्हणजे स्थानिक न्यायालयात अर्ज. न्यायालयाचा खर्च भरायला पैसे नसतील तर तो पुढे ढकलून मिळतो.

तीन वर्षांत पगारातला जप्तीयोग्य भाग विश्वस्ताकडे, म्हणजे दिवाळखोरी सांभाळायला नेमलेल्या माणसाकडे जातो. १ जुलै २०२५ पासून अवलंबून कोणी नसलेल्या माणसाच्या निव्वळ पगारातले साधारण १,५५५ युरो सुरक्षित आहेत, पोटगी किंवा मुलांची जबाबदारी असेल तर जास्त. बँक खातं 'पी-कोंटो' (जप्तीपासून संरक्षित खातं) करून घ्यायचं, म्हणजे तेवढी रक्कम खात्यातही गोठत नाही. हे आधी करा. खातं जप्त झाल्यावर धावपळ करणाऱ्याचं त्या महिन्याचं भाडं हमखास अडकतं.

काम करायची किंवा काम शोधायची जबाबदारी, पत्ता बदलला तर लगेच कळवणं, वारसा मिळाला तर निम्मा देणं. दंड, जाणूनबुजून केलेल्या गैरकृत्याची भरपाई, मुद्दाम थकवलेली पोटगी, करचोरीच्या शिक्षेतला कर: यातून सुटका नाही. आणि आधी एकदा मुक्ती घेतली असेल तर पुढचा अर्ज अकरा वर्षांनी.

एक दिलासा: मुक्तीची नोंद शूफाकडे (पत नोंदवणारी जर्मन कंपनी) पूर्वी तीन वर्षं राहायची, २०२३ पासून ती सहा महिन्यांत निघते.

गुळपोळी

प्रतिसाद वाचून पहिल्यांदा नीट समजलं. इंग्लंडमध्ये अर्जाला खर्च किती?

कागद_आधी

@गुळपोळी, ६८० पौंड. त्यात १३० निर्णय अधिकाऱ्याची फी आणि ५५० ऑफिशियल रिसीव्हरच्या (दिवाळखोरी हाताळणारा सरकारी अधिकारी) खर्चाची अनामत. २०१६ पासून अर्ज ऑनलाईन आहे, कोर्टात जावं लागत नाही. फी हप्त्याहप्त्याने भरता येते, पण पूर्ण भरल्याशिवाय अर्ज जात नाही. दलाल या ६८० पौंडांवर काही हजार लावतात ते 'पत्त्या'चे.

मुक्ती मिळेपर्यंत कंपनीचा संचालक होता येत नाही, ५०० पौंड किंवा जास्त उधार घेताना आपण दिवाळखोर आहोत हे सांगावं लागतं. वागणूक अप्रामाणिक दिसली तर ही बंधनं २ ते १५ वर्षं वाढतात. आणि आदेश चुकीच्या पायावर निघाला होता असं पुढे दिसलं तर मुक्ती मिळाल्यानंतरही तो रद्द होऊ शकतो. जर्मन बँका हे करतात. वर्ष संपलं म्हणजे सुटलो असं मानून पहिलं मोठं घर घेणाऱ्याला हा धक्का बसतो.

सातबारा

भारतातल्या मालमत्तेबद्दल. इंग्लंडचा कायदा कर्जदाराची जगातली कुठलीही मालमत्ता विश्वस्ताकडे जाते असं मानतो. अर्जात 'परदेशातली मालमत्ता' हा रकाना असतो आणि आपले लोक तो मनापासून रिकामा सोडतात, कारण त्यांच्या डोक्यात मालमत्ता म्हणजे स्वतः विकत घेतलेला फ्लॅट.

वडील गेल्यावर गावच्या तलाठ्याकडे वारस नोंद झालेली असते. सातबारा काढला तर भोगवटदाराच्या रकान्यात आईचं, भावाचं, बहिणीचं आणि तुमचं नाव एकाखाली एक दिसतं. वाटप झालेलं नसतं, दरवर्षीचं भात काकाच नेतात, तुम्ही कधी एक रुपया घेतलेला नसतो. तरी तो अविभक्त हिस्सा तुमची मालमत्ता आहे आणि लिहावा लागतो. तसंच बँकेतली संयुक्त ठेव, आईच्या नावाबरोबर तुमचं नाव असलेला लॉकर, लग्नातलं सोनं, पीपीएफ, एलआयसी. सातबारा आज महाभूमीच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतो, विश्वस्तालाही.

लिहिलं आणि विकण्यासारखं काही नसलं तर फारसं बिघडत नाही. लपवलं तर फौजदारी गुन्हा. टेनिसपटू बोरिस बेकर २०१७ मध्ये लंडनला दिवाळखोर झाला आणि २९ एप्रिल २०२२ ला मालमत्ता लपवल्याबद्दल अडीच वर्षांची शिक्षा झाली. कर्जासाठी त्याला कोणी तुरुंगात टाकलं नव्हतं, न सांगितलेल्या मालमत्तेसाठी टाकलं.

पिंपळपान

@सातबारा, आणि दिवाळखोरी चालू असताना वारसा आला तर?

सातबारा

इंग्लंडमध्ये २१ दिवसांत कळवायचं, विश्वस्त तो घेऊ शकतो. म्हणून गावाकडे आधीच हक्कसोड करून टाकतो, असा सल्ला घरचे देतात. तो सल्ला घेऊ नये. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत फुकट दिलेली मालमत्ता परत खेचता येते, आणि बहीण-भावाच्या मागे नसता ताप लागतो.

आळंदी_रोड

मूळ धाग्यातला दुसरा प्रश्न, भारतातलं कर्ज. इंग्लंडच्या नजरेत मुक्ती सगळ्या कर्जांची. पण भारतातल्या बँकेचा करार भारतीय कायद्याखाली असतो आणि तिथली बँक भारतात दावा लावू शकते. परदेशी मुक्ती तिथल्या न्यायालयाला आपोआप बांधील नाही. गंमत म्हणजे इंग्रज न्यायालयांचंच १८९० पासूनचं तत्त्व आहे की करार ज्या कायद्याखाली, त्याच कायद्याने तो मिटतो. आपल्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत परदेशांशी करार करायची कलमं आहेत, २३४ आणि २३५, ती कागदावरच आहेत.

उलट दिशेने मात्र हात लांब आहेत. विजय मल्ल्यांना २६ जुलै २०२१ ला लंडनच्या न्यायालयाने दिवाळखोर ठरवलं ते स्टेट बँकेच्या पुढाकाराखालच्या भारतीय बँकांच्या अर्जावर.

'तीन वर्षं गप्प बसलं की कर्ज कालबाह्य होतं' हा सल्ला परदेशी राहणाऱ्याला लागू नाही. मुदत कायद्याचं कलम १५(५) वाचा: प्रतिवादी भारताबाहेर असलेला काळ मोजणीतून वगळतात.

आणि जामीनदार. शैक्षणिक कर्जावर वडिलांची सही सहकर्जदार म्हणून असते. तुमची मुक्ती तुमच्यापुरती. बँक दुसऱ्या दिवशी वडिलांच्या दारात.

दहीभात

मग भारतातच नादारी घेता येत नाही का?

आळंदी_रोड

येते, पण जुन्या कायद्याने. नव्या संहितेतला व्यक्तींचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. बाकीच्यांना मुंबईत १९०९ चा कायदा, उच्च न्यायालय आणि ऑफिशियल असाइनी (नादाराची मालमत्ता सांभाळणारा अधिकारी), उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा कायदा आणि जिल्हा न्यायालय. अर्जासाठी कर्ज किमान ५०० रुपये, ही रक्कम तेव्हापासून तशीच आहे. आपोआप मुक्ती नाही, वेगळा अर्ज करून न्यायाधीशांना पटवावं लागतं.

शब्दवेल्हाळ

अवांतर: 'नादार' हा फारसी शब्द, ना-दार, म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. 'दिवाळखोर' म्हटलं की शिवी वाटते, 'नादार' म्हटलं की नुसती परिस्थिती. घरी हा विषय काढताना शब्द निवडून वापरावा असं मनापासून वाटतं.

गुळपोळी

+१. हे अवांतर नाही.

वाळवंटी_वारा

दुबईवाल्यांसाठी एक ओळ. कर्ज ठेवून विमान पकडणं म्हणजे दिवाळखोरी नव्हे. तिथे २०२० पासून व्यक्तींच्या नादारीचा कायदा आहे, आणि जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनंतर तिथल्या दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी भारतातल्या जिल्हा न्यायालयात थेट मागता येते.

ऱ्हाइनकाठ

सगळं वाचून मूळ प्रश्नाकडे येतो. इंग्लंडची वाट आज उपयोगाची आहे ती दोघांना. जो नोकरी-घर-कुटुंबासह आधीच तिथे राहतो त्याला. त्याला दिवाळखोरीपुरता आलेला पर्यटक म्हणताच येणार नाही. आणि आयरिश नागरिकाला, पण त्याला घरीच वर्षात मुक्ती मिळते. जर्मन न्यायालयं ब्रिटिश मुक्ती आता स्वतःच्या कायद्याच्या कलम ३४३ खाली तपासतात, आणि हितकेंद्र खरोखर तिथे होतं का हा प्रश्न तिथेही विचारला जातो. युरोपीय पासपोर्ट असलेल्याला कागदोपत्री आयर्लंड उरतं. तीन वर्षांऐवजी एक, एवढ्यासाठी नोकरी सोडून डब्लिनचं भाडं भरायचं का, हा हिशेब ज्याने त्याने करावा.

डब्लिनचा_पाऊस

एका खोलीचं भाडं बघूनच बहुतेकांचा हिशेब संपेल.

गुळपोळी

आणि ज्याच्याकडे आज न उघडलेल्या पाकिटांचा ढीग आहे, त्याने आधी काय करावं?

ऱ्हाइनकाठ

पिवळी पाकिटं वेगळी काढा. ती न्यायालयाची, वर पोस्टमनने टाकल्याची तारीख लिहिलेली असते. आत मानबेशाइड, म्हणजे वसुलीची नोटीस असेल तर हरकतीला त्या तारखेपासून दोन आठवडे. मुदत गेली की सावकार जप्तीच्या आदेशाकडे जातो. बाकीची पाकिटं सावकारानुसार लावा, प्रत्येकाचं सगळ्यात ताजं पत्र वर. बँकेत जाऊन पी-कोंटो मागा. चालू खातं बदलून द्यायला बँक नाही म्हणू शकत नाही. आणि त्याच दिवशी सल्ला केंद्राला फोन करून रांगेत नाव लावा.

गुळपोळी

लिहून घेतलं. तारीख पाकिटावरची धरायची, पत्रावरची नाही, बरोबर?

ऱ्हाइनकाठ

बरोबर, पाकिटावरची. म्हणून पाकीट फेकू नका, पत्राला टाचून ठेवा.